फिरता चषक, अठरा उंबरठे

आमचं कॉलेज गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं, लहानसं. मुलगे मुळातच कमी. त्यातून फुटबॉलचा संघ उभा करायचा तर दरवर्षी वर्गावर्गांतून हाका माराव्या लागतात. स्वतःचं मैदान नाही. असा हा अठरा मुलांचा संघ यंदा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एकही सामना न हरता अजिंक्य ठरला. चषक फिरता आहे. वर्षभर आमच्याकडे राहणार, पुढच्या वर्षी परत करावा लागणार.

मी कॉलेजात मराठी शिकवते. संघाचा हिशेब माझ्याकडे होता. जूनपासून डिसेंबरपर्यंतची ती वही चाळताना लक्षात आलं की, अर्ध्या नोंदींपुढे रक्कमच नाही. 'केळी, एक घड – केरीहून, घरची.' 'टेम्पो – मांद्रे, पैसे घेतले नाहीत.' 'तांदूळ पाच किलो – काणकोण.' विजयाच्या दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी म्हटलं की, चषक प्राचार्यांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवायच्या आधी तो या नोंदींच्या घरी जाऊन आला पाहिजे. सगळ्यांना पटलं. माजी विद्यार्थ्यांनी मिनिबसचे पैसे जमवले आणि प्राचार्यांनी चार दिवसांची परवानगी दिली.

१३ जानेवारी : यार्ड, साखळी, सत्तरी

सकाळी सात वाजता यार्डात जमलो. हे यार्ड म्हणजेच आमचं मैदान. पूर्वी इथे खनिजाचे ट्रक रांगेनं उभे असायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक एकेक करून विकले गेले. ज्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही ते जागेवरच गंजले. तशातले दोन ट्रक यार्डाच्या पूर्वेच्या टोकाला उभे आहेत, आमच्या राइट बॅकच्या वडलांचे. त्या दोघांमधली मोकळी जागा हा आमचा गोल. नियमाप्रमाणे गोलाची रुंदी ७.३२ मीटर. आम्ही एकदा टेप लावून मोजलं तेव्हा दोन ट्रकांमधलं अंतर त्याहून चांगलं हातभर जास्त भरलं. आमचा गोलकीपर तीन वर्षं हा रुंद गोल राखत आला आहे.

जमीन लाल, जांभ्याची. पावसात चिखल, उन्हात धूळ. इथे एकदा घसरून पडलं की कोपराची खपली पंधरा दिवस टिकते. धुऊन धुऊनही संघाच्या पांढऱ्या जर्सीला गुलाबी छटा राहिली ती राहिलीच, आणि शेवटी आम्ही तिलाच आपला रंग मानलं.

राइट बॅकचे वडील त्या सकाळी एका ट्रकखाली शिरून काम करत होते. डिचोलीच्या पट्ट्यात २०२४ पासून खाणकाम पुन्हा सुरू झालं आहे. बाहेर येऊन त्यांनी हात पुसले, पण ग्रीसचे हात चषकाला लावायला तयार होईनात. मुलानं चषक त्यांच्यासमोर धरला. त्यांनी वाकून नुसता डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "चार दिवसांनी परत इथेच येणार ना? मग तेव्हा घेतो हातात. तोवर ट्रकच्या आरटीओ पासिंगचंही काय ते कळेल."

निघताना चषक कुणाच्या मांडीवर ठेवायचा यावरून बसमध्ये गलका झाला. कोचनी नियम घातला : ज्याचं घर पुढे येणार, चषक त्याच्या मांडीवर. चारही दिवस तो नियम कुणी मोडला नाही.

साखळीवरून जाताना कोच मुलांना सांगत होते की, खाण आणि फुटबॉल ही गोव्यात जुनी जोडी आहे. धेंपो, साळगावकर ही खाणमालकांची घराणी, आणि त्यांच्याच नावांचे क्लब. सेझा या खाणकंपनीनं १९९९ मध्ये इथे साखळीला फुटबॉल अकादमी काढली. आय-लीग ही तेव्हा देशातली सर्वांत वरची फुटबॉल लीग. तिचे पहिले सहा हंगाम, २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत, सहाच्या सहा वेळा विजेता गोव्याचा : धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. एवढ्या मुठीएवढ्या राज्यानं सहा वर्षं देशाला लीग जिंकू दिली नाही! आमच्या मुलांना हे तोंडपाठ आहे, तरी दर वेळी ऐकताना ती पुढे सरकून बसतात. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले, हे सांगताना मात्र कोच थोडे थांबले. ते स्वतः गावच्या संघातून लेफ्ट आउट खेळलेले. आता पहाटे आमच्या मुलांना शिकवतात, नंतर आपल्या कामावर जातात, आणि मानधनाचा विषय काढला की बोलणं बदलतात.

सत्तरी तालुक्यात आमची चार मुलं. त्यातलं पहिलं घर केरीला, गोलकीपरचं. चोर्ला घाटाच्या पायथ्याचं गाव. अंगणातून पाच पायऱ्या उतरलं की कुळागर : सुपारी, केळी, मिरवेली, मधून खळाळणारा पाट. बाहेर ऊन असलं तरी आत गार, ओलसर अंधार. घड काढायला त्याचे काका सुपारीच्या शेंड्यावर चढले होते. घड खाली सोडला की तो जमिनीवर आपटायच्या आत झेलायचा, नाहीतर सुपाऱ्या विखरून पाटात जातात. मूल आठेक वर्षांचं झालं की हे झेलायचं काम त्याचं. आमच्या गोलकीपरनं आम्हाला करून दाखवलं. नजर वर, पाय हलके, घड सुटला की दोन पावलं मागे आणि मग दोन्ही हातांत छातीशी. पेनल्टीच्या वेळी तो चेंडूकडे न बघता मारणाऱ्याच्या खांद्याकडे का बघतो, ते मला त्या कुळागरात उमगलं. घड सुटायच्या आधी वरच्या माणसाचा खांदा हलतो.

त्याच्या आईनं चषक देवघरात नेला, हळदकुंकू लावलं, आणि मग आत ओवळे हात नकोत म्हणून तो तिथेच झाकून ठेवला. जेवणं होईपर्यंत आम्हाला तो परत मिळाला नाही. भोगी होती. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी, वर घरचं तूप. अठरा मुलं, कोच, ड्रायव्हर आणि मी एकाच पंगतीला बसलो. आजी प्रत्येकाला विचारत होती, "तू कितवा रे?" नंबर सांगितला की म्हणायची, "म्हणजे गोल घालणारा की राखणारा?" बचावफळीतल्या मुलांना तिनं एकेक भाकरी जास्त वाढली.

सत्तरीतली बाकीची तीन घरं संध्याकाळपर्यंत झाली. वाळपईच्या अलीकडे एका घरी चषकाची थेट मिरवणूकच निघाली, कारण गावात त्याच रात्री जत्रेचं नाटक होतं आणि बँड आधीच आलेला. सत्तरीत जत्रा आणि मराठी नाटक वेगळी काढता येत नाहीत. आमचा मिडफिल्डर त्या नाटकात धाकट्या भावाचं काम करणार होता. दुसऱ्या अंकात त्याचा प्रवेश आला तेव्हा सगळा संघ उभा राहून ओरडला, आणि पोरगं संवाद विसरलं नाही. उपान्त्य सामन्यात दोन बचावपटू अंगावर आले असताना ज्या शांतपणे तो वळला होता, त्याच शांतपणे त्यानं वाक्य संपवलं. रात्री परत केरीला येऊन झोपलो. पहाटे धुकं इतकं की अंगणातली बस दिसेना.

१४ जानेवारी : मांद्रे, शिवोली, म्हापसा

संक्रांत. अस्नोडा, कोलवाळ करत पेडण्यात शिरलो. पहिल्या घरी तिळगुळाचा डबा बसमध्येच आला, पुढच्या घरी दुसरा, आणि दुपारपर्यंत सगळ्यांचे हात चिकट.

मांद्र्याचं घर आमच्या स्ट्रायकरचं. वडील दशावतारात राक्षसाची कामं करतात. रात्रीचं नाटक आटोपून ते पहाटे पाचला आले होते आणि आमच्यासाठी झोपले नव्हते. कानामागे अजून तांबडा रंग होता. वहीतली 'टेम्पो – मांद्रे' ही नोंद त्यांची. उपान्त्य सामन्याच्या दिवशी आम्ही ठरवलेली बस आलीच नाही. सामना म्हापशाला, वेळ साडेतीनची, आणि आम्ही रस्त्यावर. योगायोगानं आदल्या रात्री दशावताराचा प्रयोग डिचोलीजवळ झाला होता आणि मंडळाचा टेम्पो अजून गावातच होता. मुलं टेम्पोत चढली. मध्ये पेटारा होता. दशावतारात पेटाऱ्याची पूजा होते, त्यात देवाचं सोंग असतं. त्यावर बसायचं कसं? म्हणून म्हापशापर्यंत सगळा संघ पेटाऱ्याभोवती उभ्यानं गेला. पाय मोकळे करायला जागा नव्हती, तरी कुणी त्या पेटाऱ्याला टेकलंसुद्धा नाही. मी पुढे ड्रायव्हरजवळ होते. आरशात फक्त हात दिसत होते, वरच्या दांडीला धरलेले.

त्या गृहस्थांना मी ती नोंद दाखवली. ते म्हणाले, "मॅडम, पैशांची जागा रिकामीच ठेवा. चांगली दिसते."

चोपड्याचा पूल ओलांडून शिवोलीत आलो. उजव्या विंगरचं घर चर्चच्या वाटेवर. बाल्कांवाचं, म्हणजे दारापुढे बसायचा ओटा असलेलं जुनं घर, दारावर नाताळचा तारा अजून टांगलेला. वडील तारवटी, म्हणजे जहाजावर. ते वर्षातले आठ महिने घरी नसतात. अंतिम सामना त्यांनी पाहिला नव्हता. मुलानं फोनवर व्हिडिओ कॉल लावून चषक समोर धरला. जहाजावरचे तिघे-चौघे पडद्यात डोकावले. वडील काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पुडें हाड रे, हेंडल बगूया." पुढे आण, मूठ बघूया. चषकाची डावी मूठ सैल आहे, ते त्यांनी एवढ्या लांबून ओळखलं. जहाजावर ते फिटर आहेत. कुठला स्क्रू लागेल, कुठे वॉशर घालायचा, सगळं सांगितलं, आणि आईनं तसं करून मूठ घट्ट केली. मागच्या कित्येक विजेत्यांनी जी सैल मूठ तशीच पुढे दिली असेल, ती शिवोलीत पक्की झाली.

ही शिवोली आहे हे मुलांना मी मुद्दाम सांगितलं. १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या ब्रिटिश धर्मगुरूंनी गोव्यात पहिल्यांदा फुटबॉल शिकवला तो याच गावात, मुलांच्या शिक्षणाचा भाग म्हणून. अमल पोर्तुगिजांचा आणि खेळ आला तो एका इंग्रजी बोलणाऱ्या पाद्र्याच्या हातून. आज तो राज्याचा खेळ आहे. इंग्रजांच्या मुलखात क्रिकेट घट्ट धरून बसलेलं असताना आमच्या आजोबांच्या पिढीनं शेत कापून झालं की त्याच शेतात गोल रोवले, त्याची सुरुवात या वाटांवर झाली. मुलं ऐकत होती, पण नजर खिडकीतून बाहेर. बाहेर गावची लहान पोरं अनवाणी खेळत होती. पाच मिनिटांत आमचे सगळे बाहेर. दोन्ही बाजूंनी सरमिसळ करून अंधार पडेपर्यंत खेळ चालला. आत विंगरच्या आईनं मला दोदोल आणि नेवऱ्या वाढल्या आणि विचारलं, "तुमचा मुलगा यांच्यात कुठला?" मी बाहेर बघितलं आणि सगळे म्हटलं.

वाटेत कळंगुटला रोनाल्डोच्या पुतळ्यापाशी फोटो झाले. २०२१ च्या अखेरीस उभारलेला, चारशे किलोंहून जास्त वजनाचा. मुलांना तिथे फार आनंद झाला. मला तिथे सांगण्यासारखं अधिक काही दिसलं नाही.

मुक्काम म्हापशाला, बदली गोलकीपरच्या घरी. रात्री चालत धुळेरच्या स्टेडियमपर्यंत गेलो. आमचा उपान्त्य सामना इथेच झाला. कृत्रिम गवत. आमच्या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यावर पाय ठेवला होता. लाल मातीवर टप्पा पडला की चेंडू मरतो. इथे तो पुढे पळत होता. पहिली वीस मिनिटं आमचा प्रत्येक पास पुढच्या माणसाच्या पायाखालून निसटला. गुडघे भाजल्यासारखे सोलले. मध्यंतरात कोच एकच वाक्य बोलले, "पास पायात देऊ नका, पायाच्या मागे द्या." दुसऱ्या हाफमध्ये खेळ सावरला, पण गोल झाला नाही. मग पेनल्टी. आमचे चार आत, एक बाहेर. त्यांचे दोन आमच्या कीपरनं अडवले. ४–३.

बंद फाटकाच्या जाळीतून तो गोल दिसत होता. मी कीपरला विचारलं, त्या दिवशी भीती वाटली नाही? तो म्हणाला, "मॅडम, गोल इतका लहान होता."

१५ जानेवारी : फातोर्डा, बाणावली, खोतीगाव

मांडवी आणि जुवारी ओलांडून सकाळी दहाला मडगावात. फातोर्ड्याचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८९ चं. सुमारे एकोणीस हजार माणसं बसतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचे सामने इथे झाले. चषक बघून रखवालदारानं आधी संशयानं पाहिलं, मग कुठलं कॉलेज ते विचारलं, आणि मग म्हणाला, "पंधरा मिनिटं. गवतावर पाय नाही."

आमचा सेंटर बॅक, कप्तानही तोच, सरळ पूर्वेच्या स्टँडमध्ये चढला आणि एका जागी जाऊन बसला. बाणावलीचा मुलगा. आई सरकारी दवाखान्यात नर्स, बदली साखळीला झाली म्हणून तो आमच्याकडे शिकायला आला. डिसेंबर २०१५ मध्ये आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना इथे झाला, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयन. तेव्हा हा पोरगा वडलांबरोबर त्याच जागी बसला होता. ८७ व्या मिनिटाला गोव्यानं २–१ अशी आघाडी घेतली. सगळं फातोर्डा उभं राहिलं. अनोळखी माणसांनी त्याला उचलून घेतलं. आणि मग शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल चढले. २–३. "मी वर होतो कुणाच्यातरी खांद्यावर," तो म्हणाला, "आणि त्यांनी मला खाली ठेवलं. कोण काही बोललं नाही. घरी जाईपर्यंत पप्पा बोलले नाहीत."

आमच्या अंतिम सामन्यात तेविसाव्या मिनिटाला आम्ही गोल केला. डावीकडून लांब थ्रो-इन, कप्तानानं डोक्यानं मागे वळवला, स्ट्रायकरनं पुढून ढकलला. नंतर साठ-सत्तर मिनिटं समोरच्या संघानं आम्हाला आमच्या अर्ध्यात कोंडलं. शेवटी लेफ्ट बॅकच्या पोटऱ्यांत गोळे आले, बदली खेळाडू संपलेले, म्हणून शेवटची नऊ मिनिटं आम्ही दहा जण. बाकावरची आमची मुलं आधीच एकमेकांना मिठ्या मारू लागली तेव्हा मैदानातून कप्तान त्यांच्यावर ओरडला, "अजून काबार जावंक ना! बसात सकयल!" संपलं नाही अजून, खाली बसा. त्याचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. एरवी तो वर्गात मागच्या बाकावर गप्प असतो. शिट्टी झाल्यावरही तो सगळ्यांत शेवटी हलला. आधी पंचांकडे बघून खात्री केली. फातोर्ड्याच्या त्या खुर्चीत तो बसला तेव्हा ते ओरडणं नऊ-दहा वर्षं त्याच्या आत होतं हे मला कळलं.

पंधरा मिनिटांची पंचवीस झाली. रखवालदारानं हटकलं नाही.

बाणावलीला वडील किनाऱ्यावर रांपण ओढत होते. रांपण म्हणजे काठावरून ओढायचं लांबलचक जाळं. दोन्ही टोकांना माणसं रांगेनं दोराला लागतात आणि पाय वाळूत रोवून मागे मागे सरतात. आता फार थोडे लोक हे करतात. आमची मुलं विचारायच्या आधीच दोराला लागली. पाऊण तास ओढलं. जाळ्यात तारली, थोडे बांगडे. कप्तानाच्या वडलांनी चषक ओल्या हातांनीच घेतला, दोन्ही मुठींना धरून, आणि समुद्राकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहिले. मग मुलाला म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो नाही. काय बोलणार होतो? चल, जेवूया." ताज्या तारल्यांचं हुमण आणि भात. आमच्यातल्या चौघांचा पौषातला उपवास होता, त्यांच्यासाठी शेजारणीनं वेगळी पेज आणि आंब्याचं लोणचं आणलं.

करमल घाट उतरून काणकोणात शिरलो तेव्हा चार वाजून गेले होते. खोतीगावच्या अभयारण्याच्या कडेला लेफ्ट बॅकचं घर. वेळीप समाजाचं कुटुंब. रस्ता संपल्यावर वीसेक मिनिटं चालायचं. चषक त्याच्याच खांद्यावर होता. कॉलेजसाठी तो साखळीला मामाकडे राहतो, महिन्यातून एकदा घरी येतो.

त्याच्या थ्रो-इनबद्दल या हंगामात सगळे विचारायचे. मैदानाच्या कडेवरून तो चेंडू थेट गोलासमोर टाकतो, अंतिम सामन्यातला गोल त्याच थ्रोचा. खळ्यात उभं राहून त्याच्या बापानं दाखवलं : भाताची पेंढी दोन्ही हातांनी धरायची, डोक्यावरून पार मागे न्यायची, कमरेतून वाकून पुढे झोडायची. दाणा सुटेपर्यंत पुन्हा पुन्हा. लहानपणापासून प्रत्येक सुगीत हे पोरगं झोडत आलं आहे. पाय जमिनीवर, दोन्ही हात डोक्यावरून. थ्रो-इनचा नियमही तोच. कोच कपाळाला हात लावून बसले आणि म्हणाले, "मी याला तीन महिने शिकवत होतो!"

वहीतले पाच किलो तांदूळ याच खळ्यातले. मुलगा ते मामाकडे पिशवीतून घेऊन आला होता, आणि सराव झाल्यावर त्याचीच पेज आम्ही यार्डाच्या कडेला शिजवायचो. ते सांगितलं तेव्हा त्याच्या आईनं तोंडाला पदर लावला. तिला वाटलं होतं, तांदूळ मामीनं वापरले.

रात्री नाचणीची भाकरी आणि खोल्याच्या मिरचीची चटणी. खोला हे इथलंच गाव; त्या मिरचीला आता भौगोलिक मानांकन आहे. रंग लालभडक, तिखटपणा मात्र सोसवणारा. मग वाड्यावरची माणसं घुमटं घेऊन आली. मातीचं घुमट, तोंडाला चामडं, काखेत धरून वाजवायचं. एक शामेळ, एक कांसाळें. गाण्यात आमच्या संघाची नावं कुणीतरी तिथल्या तिथे गुंफली; अठरा नावं, एकही सुटलं नाही. मुलं नाचली. लेफ्ट बॅक नाचत नव्हता. तो आजीजवळ बसून आपल्या पोटऱ्या तिच्याकडून चोळून घेत होता, अंतिम सामन्यानंतर जवळजवळ महिन्यानं.

१६ जानेवारी : दिवाडी, नार्वे, आणि परत

लवकर निघालो तरी फोंड्यावरून जुन्या गोव्याच्या धक्क्यावर पोचायला साडेदहा झाले. इथून दिवाडी बेट. मिनिबस फेरीबोटीवर चढली. दिवाडीचा आमचा मिडफिल्डर रोज दोन पाणी ओलांडून येत नाही, एकच. तो उलट बाजूला, नार्व्याच्या फेरीनं थेट आमच्या डिचोली तालुक्यात उतरतो. सरावाची वेळ सहाची. पहिल्या फेरीवर तो धावत यायचा आणि फेरीवाले त्याच्यासाठी दोन मिनिटं थांबायचे. वहीत ही नोंद नव्हती. मला माहीतच नव्हतं. त्याच्या घरी चषक टेबलावर ठेवून फोटो झाला, आईनं केक कापला, पण मुलाला घाई होती नार्व्याच्या धक्क्यावर जायची. तिथे त्यानं चषक फेरी चालवणाऱ्याच्या हातात दिला. त्या माणसानं एका हातानं चाक धरलं होतं. दुसऱ्या हातात चषक धरून त्यानं ती फेरी मांडवीपार नेली.

पलीकडे नार्व्याचा सप्तकोटीश्वर. मूळ देऊळ दिवाडीवर होतं. पोर्तुगिजांनी ते पाडल्यावर देव याच पाण्यावरून इकडे आला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार करवला. मंडपात मुलं दहा मिनिटं गप्प बसली. दिवाडीचा मिडफिल्डर ख्रिस्ती, तो पायरीवर बाहेर बसला होता. आमचा कीपर त्याच्याजवळ जाऊन बसला आणि मग एकेक करून सगळेच पायरीवर आले.

डिचोलीतली सात घरं दुपारपासून संध्याकाळपर्यंत झाली. पिळगाव, मये, सर्वण, शहरातली तीन. सगळीकडे आरती, सगळीकडे चहा. एका घरात कुलूप होतं, आई-वडील कामावर. तिथे मुलानं चषक दारात उंबरठ्यावर ठेवला, दोन मिनिटं, आणि उचलला.

सातवं घर राइट बॅकचं, यार्डाला लागून. वडील घरात नव्हते. आम्ही चालत यार्डात गेलो. पूर्वेच्या टोकाला एकच ट्रक उभा होता. दुसऱ्याच्या जागी चार चाकांचे खोल ठसे, मध्ये तेलाचा काळा डाग आणि ट्रकखाली सहा-सात वर्षं ऊन न लागलेली फिकट माती. पासिंग झालं होतं. गाडी सकाळीच खाणीवर गेली होती, आणि वडीलच चालवत होते. राइट बॅक त्या ठशांत जाऊन उभा राहिला. हसत होता. मग वळून गोलाकडे बघितलं. गोल एका बाजूनं उघडा पडला होता.

कुणीतरी दगड शोधायला निघालं. राइट बॅक म्हणाला, "थांब." कप्तानाच्या हातातून त्यानं चषक घेतला, ठशांपासून सव्वा पाऊल आत मोजून जमिनीवर ठेवला आणि शिवोलीत घट्ट झालेली मूठ आतल्या अंगाला फिरवली. कीपर ट्रक आणि चषक यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. दोन्ही हात पसरले. लेफ्ट बॅकनं चेंडू लाल मातीवर ठेवला. रस्त्याकडून रिकामा ट्रक परत येत असल्याचा आवाज आला, आणि त्यानं मारला.